अर्नाळ्याची होडी

विरारहून अर्नाळा दहाएक किलोमीटर. बस, रिक्षा, कोळीवाड्यातल्या गल्ल्या, यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. मला सांगायचंय ते तिथून समोरच्या बेटावरच्या अर्नाळा किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत चढण्याबद्दल.

आम्ही गेलो तेव्हा तिथे धक्का नव्हता. होडी पाण्यात उभी आणि तिच्यापर्यंत चालत जायचं. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या वर. आईचे गुडघे दुखरे. दोन लाटा अंगावर आल्यावर ती थबकली आणि म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथे बसते." तेवढ्यात बाजारातून परतणारी एक कोळीण मागून आली. डोक्यावर पाटी, पाटीत भाजी आणि किराणा, लुगडं वर खोचलेलं. तिने एका हाताने पाटी सावरली आणि दुसरा खांदा पुढे केला. "आजी, घाबरू नको, खांदा धर. लाट गेली की पाऊल टाक." आईने खांदा धरला. होडीशी पोचल्यावर वरच्या पोराने दोन्ही हात दिले, हिने खालून आधार दिला आणि आई फळीवर. डोक्यावरच्या पाटीतली एक मिरचीही सांडली नाही.

त्यांच्यामागून गॅसचा सिलिंडर आला, मग कडेवर बाळ घेतलेली मुलगी. मी त्या कोळीण मावशींना विचारलं, पावसाळ्यात कसं करता? "तसंच करतो," म्हणाल्या. "बाळंतिणीला पण असंच न्यायचं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

होडीचा प्रवास मोजून काही मिनिटांचा. बेटावरच्या गावाचं नावच अर्नाळा किल्ला. दारोदारी बोंबील वाळत घातलेले, जाळी दुरुस्त करणारे म्हातारे, कालिकामातेचं देऊळ. किल्ल्यात अष्टकोनी तळं, त्र्यंबकेश्वराचं मंदिर आणि तटाच्या आत चक्क भाजीचे वाफे. आम्ही तिथे दुपारभर होतो. दगड बघायला आले होते, पण माझं लक्ष वाफ्यांना पाणी घालणाऱ्या बायकांकडेच जात होतं.

एका दगडापाशी मात्र थांबले. १७३७ मध्ये मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं आणि किल्ला नव्याने उभारला. दरवाज्यावर हत्ती-वाघ कोरलेत आणि शिलालेखात बाजीरावांची आज्ञा आहे: पाश्चात्यांना मारून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधा. समुद्रात अख्खा किल्ला उभा राहिला, त्या काळी, हाताने दगड वाहून. आणि त्याच तटाखाली राहणाऱ्या बाईला बाळंतपणाला निघताना कोरड्या पायांनी होडीत चढता येऊ नये? मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

दुसरा राग आमच्यासारख्या पाहुण्यांवर. परतीच्या होडीची वाट बघत असताना एक टोळकं वाळत घातलेल्या मासळीत उभं राहून नाक दाबत फोटो काढत होतं, वेफर्सची पाकिटं तिथेच टाकून. कुणाचं तरी वर्षाचं पोट त्या बोंबलांवर आहे. वासाचा इतका त्रास होत असेल तर पलीकडच्या किनाऱ्यावर भरपूर जागा आहे. आणि जाणार असाल तर होडीत चढताना पाटीवाल्या बाईला आधी चढू द्या. तिला घरी जाऊन चूल पेटवायची असते.