रोनान ओगारा: किक मारणाऱ्याचे प्रशिक्षकपण

मोठा खेळाडू प्रशिक्षक झाला की तो आपलाच खेळ शिष्यांच्या गळी उतरवू पाहतो, असा क्रिकेट पाहून झालेला माझा समज होता. आयर्लंडचा रग्बीपटू रोनान ओगारा याच्या कारकिर्दीने तो बराचसा मोडला.

ओगारा कॉर्कमध्ये वाढला आणि मन्स्टर प्रांताकडून व आयर्लंडकडून दहा क्रमांकावर, म्हणजे फ्लाय-हाफ म्हणून खेळला. हाती आलेला चेंडू घेऊन पळायचे, पास द्यायचा की किक मारून तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत धाडायचा, हे क्षणार्धात ठरवण्याचे काम या खेळाडूचे असते. ओगारा बहुधा तिसरा मार्ग धरी. अंगाने किरकोळ आणि टॅकलमध्ये (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यात) कच्चा असला, तरी चेंडू नेमका कोपऱ्यात टाकण्यात त्याचा हात (की पाय?) धरणारे फार थोडे होते. आयर्लंडसाठी १२८ सामन्यांत त्याने १,०८३ गुण मिळवले आणि त्यांतले बहुतेक बुटानेच.

याच बुटाने त्याला रडवलेही. २००० साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात मन्स्टर नॉर्दम्प्टनकडून ८-९ असा हरला, तेव्हा त्याच्या पेनल्टी किक (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या, तीन गुणांच्या) एकामागून एक चुकल्या होत्या. २००९ हे वर्ष तर विलक्षणच. मार्चमध्ये कार्डिफला शेवटच्या मिनिटांत त्याने मारलेल्या ड्रॉप गोलमुळे (हातातला चेंडू जमिनीवर टप्पा पाडून गोलखांबांमधून मारलेल्या किकमुळे) आयर्लंडने वेल्सला १७-१५ असे हरवले आणि १९४८ नंतरचे पहिले ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, मिळवला. जूनमध्ये प्रिटोरियाला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाकडून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळताना २५-२५ अशी बरोबरी असताना त्याने चेंडू उंच उडवला, त्यामागे धावला आणि हवेत झेपावलेल्या फूरी द्यू प्रे याच्यावर आदळला. त्याबद्दल मिळालेली पेनल्टी दक्षिण आफ्रिकेच्या मोर्ने स्टेनने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून खांबांमधून मारली आणि लायन्सची मालिका तिथेच गेली. चेंडू मैदानाबाहेर मारून बरोबरी पदरात पाडून घेणे त्याला शक्य होते. त्याला जिंकायचे होते. ही हाव मला त्याच्या पुढच्या कामातही दिसते.

२०१३ मध्ये निवृत्त होऊन तो पॅरिसच्या रासिंग क्लबात किक शिकवण्यासाठी गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी तिथे खेळायला आला तो जॉनी सेक्स्टन. २००९ च्या युरोपीय चषकाच्या उपांत्य सामन्यात मन्स्टरविरुद्ध लेन्स्टर या दुसऱ्या आयरिश प्रांताने ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून पाच गुण मिळवले), तेव्हा जमिनीवर पडलेल्या ओगाराच्या अंगावर ओणवा होऊन ओरडणारा आणि पुढे आयर्लंडच्या संघातली त्याची जागा घेणारा सेक्स्टन हाच. रासिंगने २०१६ मध्ये बार्सिलोनात फ्रेंच विजेतेपद मिळवले, तोवर ओगारा तिथे बचावाचे काम पाहू लागला होता.

मला महत्त्वाचा वाटतो तो मात्र त्यानंतरचा निर्णय. फ्रान्समध्ये जम बसलेला असताना २०१८ मध्ये तो न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला क्रुसेडर्स संघाचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून गेला. एवढे नाव कमावलेल्या माणसाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथले मुख्य प्रशिक्षक स्कॉट रॉबर्टसन यांच्या हाताखाली काम करणे ही साधी गोष्ट नव्हे. ती दोन्ही वर्षे क्रुसेडर्स सुपर रग्बी या लीगचे विजेते ठरले. तिथली चाल म्हणजे टॅकल झाला तरी चेंडू थांबू द्यायचा नाही, पडता पडता साथीदाराकडे सोपवायचा. फ्रान्समधल्या ला रोशेल क्लबात २०१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून गेल्यावर त्याने ‘चेंडू जिवंत ठेवा’ हाच मंत्र केला. अर्थात त्याचे बीज जुने असावे: २०११ मध्ये नॉर्दम्प्टनविरुद्ध मन्स्टरने सलग ४१ फेज (टॅकल झाला की पुन्हा चढाई, अशा फेऱ्या) चेंडू हातचा सोडला नव्हता आणि वेळ संपून गेल्यावर ओगारानेच ड्रॉप गोल मारून सामना जिंकला होता.

ला रोशेल २०२१ मध्ये युरोपीय आणि फ्रेंच असे दोन्ही अंतिम सामने तुलूजकडून हरला. पुढच्या वर्षी मार्सेयला गाठ पडली ती सेक्स्टनच्या लेन्स्टरशी. लेन्स्टरचे सर्व २१ गुण पेनल्टी किकचे होते. ला रोशेलने तीन ट्राय केले. चार गुणांनी मागे असल्यामुळे शेवटी किक मारून भागणारच नव्हते. गोलरेषेपुढे मिनिटामागून मिनिट अंगांचा ढीग पडत राहिला आणि ७९ व्या मिनिटाला आर्थर रेतिएरने त्या गर्दीतून हात लांबवून चेंडू रेषेवर टेकवला. २४-२१. १८९८ साली स्थापन झालेल्या क्लबाचे हे पहिले मोठे विजेतेपद. २०२३ मध्ये डब्लिनला, लेन्स्टरच्या अंगणात, ०-१७ असे मागे पडूनही ते २७-२६ ने जिंकले.

त्यानंतर महिना उलटायच्या आत फ्रेंच लीगच्या अंतिम सामन्यात ला रोशेल २६-२२ ने पुढे होता. दोन-तीन मिनिटे उरली असताना तुलूजच्या दहा क्रमांकाच्या रोमां न्तामाकने किक न मारता चेंडू छातीशी धरला आणि बचाव चिरत तो थेट खांबांपर्यंत पळत गेला.