पाटल्यांचा कागद

विमान मुंबईला टेकलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नेवार्कहून पंधरा तास एका जागी बसून पावलं सुजली होती आणि हातही. हाताकडे लक्ष गेलं ते पाटल्यांमुळे. एरवी मनगटावर सहज फिरणाऱ्या पाटल्या त्या रात्री जागच्या हलत नव्हत्या.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या मेमध्ये न्यू जर्सीला गेले होते आणि ऑक्टोबरात परतत होते. या पाटल्या सासूबाईंच्या. लग्नात त्यांनी स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात घातल्या, त्या आजवर तिथेच आहेत. नातीच्या बारशाला त्या हातात असाव्यात अशी माझी फार इच्छा होती. तिकीट काढून देणारा म्हणाला, "घाला की बिनधास्त, कोण विचारतंय!" पण माझ्या भावाने निक्षून सांगितलं, "ताई, जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घे. आपलंच सोनं आपण परत आणतोय हे येताना कशावरून सिद्ध करशील?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्या बाईला ४० ग्रॅमपर्यंत, तेही एक लाखाच्या आतले दागिने शुल्काविना आणता येत. पुरुषाला २० ग्रॅम आणि पन्नास हजार. मी राहणार जेमतेम सहा महिने, म्हणजे ती सवलत मला लागूच नव्हती.

म्हणून निघण्याआधी सरकारमान्य मूल्यमापकाकडे गेले. साबणाचं पाणी लावून पाटल्या उतरवल्या. किती वर्षांनी उतरवल्या देव जाणे! मनगटावर पांढरा पट्टा दिसला आणि उगाच गलबलून आलं. वजन भरलं ४४.८७० ग्रॅम. चारही बाजूंनी फोटो काढले. डाव्या पाटलीला विहिरीच्या रहाटावर आपटून पडलेला एक पोचा आहे, तोही त्यांनी वर्णनात लिहून घेतला. मग निघायच्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी विमानतळावर पोचलो. टर्मिनल २ च्या छतावरची मोरपिसांची नक्षी बघत कस्टम्सच्या अधिकाऱ्याची वाट पाहिली, आणि सहीशिक्क्याचा कागद पर्समध्ये ठेवूनच पुढे गेले.

परत येताना नेवार्कला पासपोर्टवर शिक्का मारायला कुणी बसलेलं नव्हतं. अमेरिकेतून बाहेर पडताना तसा वेगळा काउंटर नसतोच. विमान कंपनीला पासपोर्ट दाखवायचा, सुरक्षा तपासणी झाली की थेट गेट. त्यामुळे मुंबईच्या इमिग्रेशनपाशी आले तेव्हाच खऱ्या अर्थाने घरी आल्यासारखं वाटलं. रांग लांब होती, पण पुढे सरकत होती.

या रांगेत मला २०१२ ची आठवण झाली. तेव्हा सहारच्या जुन्या इमारतीत उतरलो होतो आणि प्रत्येकाला आगमनाचं कार्ड भरावं लागे. माझ्यासारखीच मुलांकडून परतणारी दोन वयस्कर जोडपी होती, त्यांची कार्डं मी गुडघ्यावर पर्स ठेवून भरली होती. "अहो ताई, पासपोर्ट नंबर म्हणजे यातला कुठला?" असं एक आजोबा तीनतीनदा विचारत होते. भारतीयांसाठी ते कार्ड २०१४ मध्ये बंद झालं. नुसता पासपोर्ट पुढे करायचा. चष्मा, पेन, बारीक अक्षरं या सगळ्याची धास्ती असणाऱ्या माणसांना हा केवढा मोठा दिलासा आहे!

पट्ट्यावरून दोन्ही बॅगा आल्या. मुलीने वजनकाट्यावर लावून लावून तेवीस-तेवीस किलो भरल्या होत्या. तिच्या परसातल्या टोमॅटोचं बी मात्र मी तिथेच ठेवून आले. परवानगीशिवाय परदेशी बियाणं आणायचं नसतं. त्यातून एखादी कीड इथल्या शेतात शिरली तर निस्तरायचं कुणी?

ढकलगाडी घेऊन मी सरळ लाल मार्गाकडे, म्हणजे कस्टम्सला सामान दाखवायचं असणाऱ्यांच्या वाटेकडे, वळले. पाटल्यांखेरीज मुलासाठी घेतलेला कॅमेरा होता. तो आणि बाकीच्या भेटवस्तू मिळून ६५ हजारांच्या. तेव्हा पन्नास हजारांपर्यंत माफ होतं, वरच्या पंधरा हजारांवर ३८.५ टक्के, म्हणजे ५,७७५ रुपये. हा हिशेब मी विमानातच करून ठेवला होता.

पांढऱ्या गणवेशातला तरुण अधिकारी होता. मी कागद पुढे केला. त्याने तो नीट वाचला आणि म्हणाला, "काकू, वजन करावं लागेल. काढता का?"

मी काढायला गेले. निघेनात. बोटं जुळवून पंजा आवळला, क्रीम चोळलं, तरी अंगठ्याच्या हाडाशी पाटली अडे. मनगट लाल झालं. माझ्या पोटात खड्डा पडला. मागे रांग वाढत चाललेली.

"राहू द्या, ओढू नका," तो म्हणाला. त्याने कागदाला जोडलेला फोटो माझ्या हाताशेजारी धरला आणि मला डावा हात फिरवायला सांगितला. मी मनगट वळवलं. दिव्याखाली तो पोचा दिसला, रहाटाचा, फोटोत होता तिथेच. त्याने बोट टेकवून पाहिलं, वर्णनातली ओळ पुन्हा वाचली, मग आपल्या वरिष्ठांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं आणि मान डोलावली.

कॅमेऱ्याचे पैसे कार्डाने भरले, पावती घेतली. कागद परत देताना त्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "जुन्या दिसतात. आईच्या का?"

"सासूबाईंच्या," मी म्हटलं.

बाहेर मुलगा कठड्याला टेकून उभा होता. वाकून नमस्कार करून उठताना त्याने माझं लाल मनगट पाहिलं आणि घाबरून विचारलं, "आई, हे काय झालं?" मी त्याचा हात धरून त्या पोच्यावर नेऊन ठेवला, आणि गाडी येईपर्यंत त्याला आजीच्या विहिरीची गोष्ट सांगत राहिले.