जेन झी, बूमर वगैरे राहू द्या, आधी टार्गेटचं बोला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे मी, म्हणजे बनलेला माल तपासायला, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या माझ्या कानावर येतात. पन्नाशीपुढचे म्हणतात आजकालची पोरं टिकत नाहीत, मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. आणि बाविशीतली पोरं म्हणतात म्हातारे काही सांगत नाहीत, नुसते खेकसतात. मी मधली, चाळिशीची, म्हणून दोघांनाही वाटतं मॅडम आपल्या बाजूच्या. चहाच्या टायमाला दोघंही येऊन मोकळे होतात.

तर आमच्या मॅनेजमेंटने यावर एक ट्रेनिंग ठेवलं, बाहेरून माणूस बोलावला, एसी हॉल, समोसे, सगळं. स्लाईडवर बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी, म्हणजे जन्मसालावरून पाडलेल्या पिढ्या, जुन्यापासून नव्यापर्यंत. आता बूमर म्हणजे 1946 ते 1964 मध्ये जन्मलेले, दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत एकदम जास्त पोरं झाली त्यावरून पडलेलं नाव ते. आमच्या सिन्नरहून अप-डाऊन करणाऱ्या आप्पांचा त्याच्याशी काय संबंध? आप्पा मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मध्येच मला हळूच विचारलं, "ताई, मी यातला कोणता?" मी म्हटलं जेन एक्स. तर म्हणाले, "बरं, म्हणजे त्याचा पगारात काही फरक?" अख्ख्या ट्रेनिंगमधला कामाचा प्रश्न मला तरी हाच वाटला.

कारण शॉप फ्लोअरवर वयापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. आप्पा पर्मनंट. पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, 58 झाले की ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, जी काय थोडीफार पेन्शन असेल ती चालू होईल. त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा आयटीआय झालेला पोरगा सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेला. 2024 ला योजना आली तेव्हा मुदत होती सहा महिने आणि आयटीआय, डिप्लोमावाल्याला विद्यावेतन महिना 8,000. आता नाशकात खोली, मेस आणि पेट्रोल धरलं तर यात काय उरतं ते तुम्हीच बघा. आणि एवढ्यानंतर पुढे ठेवतील की नाही तेही नक्की नाही. मग अशा पोराने जीव लावून काम शिकावं अशी अपेक्षा, आणि सहा महिन्यांत जाणाऱ्या पोराला आप्पांनी जीव लावून शिकवावं अशीही अपेक्षा. दोघंही आपापल्या जागी हिशोबाने वागतायत, त्याला आपण जनरेशन गॅप म्हणून मोकळे होतो. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, म्हणजे जुन्याच्या हाताखाली नव्याने शिकायचं ही गोष्ट काही आत्ताची नाही, फक्त शिकवणाऱ्याला त्यासाठी वेळ द्यायचा असतो हे आपण विसरलो.

एक उदाहरण सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. टर्निंगला, म्हणजे लेथवर, 60 एमएम डायाचा एक जॉब, म्हणजे गोल पार्ट, चालतो, टॉलरन्स प्लस मायनस 10 मायक्रॉन, म्हणजे मापात एमएमच्या शंभराव्या भागाएवढाच फरक चालतो. तो पोरगा, हुशार आहे हां, डिजिटल मायक्रोमीटर हातात, जॉब निघाला की लगेच माप, साईज वर दिसली की कंट्रोलवर वेअर ऑफसेट मायनस, म्हणजे मशीनला पुढचे पीस थोडे जास्त कापायला सांगायचं. अगदी पुस्तकात असतं तसं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे इन्स्पेक्शनला तोच लॉट अंडरसाईज. का? तर जॉब गरम असताना मापलेला. स्टीलचं एक मीटर लांबीला एका डिग्रीला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे 60 एमएमला 25 डिग्री जास्त असेल तर 17 मायक्रॉन नुसते गरमीचेच. पोराने ते 17 खरे धरून कापून टाकले. मापाचं स्टॅंडर्ड टेंपरेचर 20 डिग्री असतं हे त्याने परीक्षेत लिहिलेलं असणार, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ते आठवत नाही ना.

आप्पांना हे माहीत होतं का? होतं की! ते जॉब काढतात, बाजूला ठेवतात, पुढचा लावतात आणि मग आधीचा मापतात. थंडीत, निफाडचं टेंपरेचर पेपरात छापून येतं त्या दिवसांत, पहाटेच्या शिफ्टला आधी मशीन गरम व्हावं म्हणून स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा भाग, थोडा वेळ रिकामा फिरवतात. पोरांना वाटायचं म्हातारा टाईमपास करतोय. मी आप्पांना विचारलं त्याला सांगितलं का नाही, तर म्हणे, "सांगत बसलो तर माझे पीस कोण काढणार? टार्गेट भरलं नाही की संध्याकाळी बोर्डावर माझंच नाव लाल होतं." झालं! भांडण इथे होतं. स्वभाव, मोबाईल, संस्कार वगैरे सगळं नंतरचं.

मग मी प्रॉडक्शनच्या साहेबांच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली, ज्याच्याकडे ट्रेनी आहे त्याचं टार्गेट त्या शिफ्टला कमी धरायचं. बाकी काही नाही. साहेब सुरुवातीला हसले, मग मी रिजेक्शनचा खर्च काढून समोर ठेवला तेव्हा ऐकलं. फ्लोअरवर मोबाईल बंद आहे, पण सेटिंगच्या वेळी लाईन इन्चार्जला विचारून व्हिडिओ काढता येईल एवढी सूट घेतली. त्या पोरानेच आप्पांचे छोटे छोटे व्हिडिओ काढले, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, कधी बदलायचा, आवाज बदलला की काय समजायचं वगैरे, आणि खाली आप्पांचं नाव टाकलं. आप्पांनी ते घरी सुनेला दाखवले म्हणे!

उलट्या बाजूनेही झालं. टॅबवर प्रॉडक्शन एंट्री आली तेव्हा जुने लोक सरळ नाही म्हणाले. मॅनेजमेंटला वाटलं विरोध चाललाय. खरं तर सगळ्यांसमोर चुकायची लाज. एका डिप्लोमाच्या मुलीने पूर्ण प्रोसेस मराठीत एका कागदावर लिहून टॅबच्या मागे चिकटवली, कोणत्या रंगाचं बटन कधी दाबायचं एवढंच, आणि जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, एकेकाला करून दाखवलं. ती सगळ्यांना काका म्हणते, आणि काकाही तिला अहो मॅडम म्हणतात, कोणी सांगितलेलं नाही. तिच्याआधी सॉफ्टवेअर कंपनीचा जो माणूस आला होता तो साठीकडे झुकलेल्या माणसाला "अरे हे बघ" करून बोलत होता, मग कोण ऐकणार त्याचं.

एक मात्र आहे, सगळे जुने आप्पांसारखे नसतात. काही जण मुद्दाम लपवतात, कारण आपल्याला येतं ते सगळ्यांना आलं तर आपली गरज संपेल ही भीती, आणि आजूबाजूला कॉन्ट्रॅक्टवर भरती बघितली की ती भीती काही खोटीही वाटत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ट्रेनिंगवाल्याकडेही नव्हता, त्याने फक्त ट्रस्ट नावाची स्लाईड लावली.

आणि टार्गेटची सूट फक्त फर्स्ट शिफ्टला मिळालीय. सेकंडला ट्रेनी आहेत, शिकवणारे आहेत, बोर्डही तोच लाल होतोय. पुढच्या रिव्ह्यूला परत रिजेक्शनचा कागद घेऊन जाणार आहे, यावेळी साहेबांना समोसे मीच नेते.