हाउस म्युझिक, पॉपी आणि स्पीच डेचे बटाटेवडे

गॅदरिंग म्हटलं की आपल्याला मांडव, मेकअपवाल्या काकू, ऐनवेळी अडकणारा पडदा आणि तासभर बोलणारे प्रमुख पाहुणे आठवतात, मलाही तेच आठवतं कारण दहावीपर्यंत मी ठाण्यातच होते. मग बाबांची रेडिंगला बदली झाली आणि मी थेट इंग्लंडमधल्या एका इंडिपेंडंट स्कूलच्या, म्हणजे तिकडच्या प्रायव्हेट शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला लागले. आपली अकरावी-बारावीच समजा, फक्त वेगळं ज्युनियर कॉलेज नाही, लहान मुलांची शाळा तीच आणि आपण तिथले सगळ्यात मोठे. पहिलं वर्ष लोअर सिक्स्थ, दुसरं अप्पर सिक्स्थ. फीचा आकडा ऐकून आई म्हणाली "एवढ्यात ठाण्यात वन बीएचके येईल", पण बर्सरी, म्हणजे फीमधे सवलत, मिळाली आणि जमलं.

अभ्यासाचं फार सांगत नाही. दहावीला सगळे विषय घोटल्यावर एकदम चारच विषय, मधे फ्री पिरियड, युनिफॉर्म जाऊन सूट, आणि स्वतःची कॉमन रूम, जिथला टोस्टर फायर अलार्म वाजवायचा आणि मग आठवडाभर जप्त असायचा. दुसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीचे फॉर्म, पर्सनल स्टेटमेंट, 4,000 कॅरेक्टरमधे स्वतःबद्दल चांगलं चांगलं लिहायचं, जे आपल्या मराठी घरात कोणी शिकवलेलंच नसतं. ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि मेडिकलवाल्यांना 15 ऑक्टोबरची डेडलाइन, त्यामुळे दिवाळीच्या आधी सगळ्यांची तोंडं उतरलेली.

पण मी त्या दोन वर्षांत जी काही सुटी झाले, चारचौघांत बोलायला लागले, ती वर्गात नाही, ती दरवर्षीच्या ठरलेल्या कार्यक्रमांत. तिकडे नियम साधा होता, लोअर सिक्स्थने बघायचं, अप्पर सिक्स्थने करायचं, आणि शिक्षक भिंतीला टेकून उभे. आपल्याकडे गॅदरिंगला सगळं बाई बसवतात, आपण फक्त नाचतो. इथे कोणी बसवूनच देत नाही, पहिल्यांदा मला तो चक्क आळशीपणा वाटला होता.

नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स, म्हणजे युद्धांत गेलेल्या सैनिकांचं स्मरण. कोटाला कागदी लाल पॉपी लावायची, 11 तारखेला 11 वाजता अख्खी शाळा हॉलमधे, भिंतीवर महायुद्धांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं, बिगुल वाजतो आणि दोन मिनिटं कोणी खोकतसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी उभी होते पण खरं सांगायचं तर पाहुण्यासारखी, हे यांचं आहे, आपलं काय यात, असंच वाटत होतं. त्याच आठवड्यातल्या असेंब्लीत अप्पर सिक्स्थचं कोणीतरी एका सैनिकावर पाच मिनिटं बोलतं, दुसऱ्या वर्षी हिस्ट्रीच्या सरांनी मला विचारलं. तोवर वाचलं होतं की पहिल्या महायुद्धात 13 लाखांच्या वर हिंदी माणसं कामगिरीवर गेली होती आणि 74 हजार तरी परत आली नाहीत, पण आकडे सांगून नववीतली पोरं ऐकत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या महायुद्धातले नामदेव जाधव घेतले. नगर जिल्ह्यातलं निमज गाव, मराठा लाइट इन्फंट्री, कामाने कंपनी रनर म्हणजे निरोप्या. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनियो नदी. दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे पोचवलं आणि परत येऊन एकट्याने मशीनगनच्या तीन चौक्या गप्प केल्या, हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. मग बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. हे सगळं त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, नोंदीतच आहे. आता घोषणा नुसती वाचून कशी दाखवणार हो? मी माईकपासून एक पाऊल मागे सरकले आणि शिवजयंतीला देतात तशी दिली, छत्रपती शिवाजी महाराज की जय. पहिल्या रांगेतली दोन-तीन पोरं दचकून मागे झाली. त्यानंतर कॉरिडॉरमधे अनोळखी मुलं मला थांबवून ती घोषणा परत द्यायला लावायची, आणि त्यांचे उच्चार म्हणजे, जाऊ दे. जाधवांचं नाव लंडनला कॉन्स्टिट्यूशन हिलवरच्या मेमोरियल गेट्स या स्मारकाजवळच्या छत्रीच्या, म्हणजे घुमटाच्या मंडपाच्या, छतावर कोरलंय, कधी गेलात तर मान वर करून बघा.

डिसेंबरात कॅरोल सर्व्हिस, म्हणजे ख्रिसमसच्या गाण्यांची प्रार्थनासभा. चर्चमधले दिवे बंद, आणि एकच लहान मूल, साथीला काही नाही, पहिलं कडवं गातं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली ही पद्धत बऱ्याच शाळांनी उचललीय. नंतर मिन्स पाय, म्हणजे सुक्यामेव्याचं गोड सारण भरलेल्या छोट्या पाय, मिळतात, त्या मला आजही आवडत नाहीत.

स्पीच डे, म्हणजे बक्षीस समारंभ, जुलैत. हॅट घातलेल्या आया, हिरवळीवर चादरी, स्ट्रॉबेरी आणि क्रीम, बक्षीस म्हणून शाळेचा शिक्का चिकटवलेली पुस्तकं. आईने नारायणपेठी नेसली आणि सकाळी पाचला उठून बटाटेवडे तळले. मी म्हटलं, "आई, तिकडे लोक काकडीची सँडविच खातात गं." तर म्हणे, "खाऊ देत की." दुपारपर्यंत शेजारच्या चादरीवरच्या एका आजीबाई हिरव्या चटणीची वाटी स्वतःकडे ओढून बसल्या होत्या आणि बाबा त्यांच्या यजमानांना क्रिकेटमधलं काहीतरी पटवून देत होते. प्रमुख पाहुणे तिकडेही लांबवतात, ते काही बदलत नाही.

सगळ्यात जास्त जीव अडकलाय तो हाउस म्युझिकमधे. शाळा हाउसेसमधे वाटलेली, प्रत्येक हाउसमधे नववीपासून ते आमच्यापर्यंत सगळ्या वर्षांची पोरं, आणि स्पर्धेत अख्ख्या हाउसने एक गाणं म्हणायचं, गाता येवो न येवो, सूट कोणालाच नाही. बसवणार अप्पर सिक्स्थ. मी ठाण्यात गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्या होत्या एवढ्या भांडवलावर मला उभं केलं. मला त्यांचं नोटेशन धड वाचता येत नव्हतं, मग मी आपल्या क्लाससारखंच घेतलं, मी ओळ म्हणणार, तुम्ही मागून म्हणायची, हाताने ताल. लंचच्या सुट्टीत पोरं सँडविच कोंबत यायची. नववीतल्या मुलांचे आवाज फुटत होते, वरचा सूर आला की अर्धी रांग किंचाळायची आणि बाकीची अर्धी हसायची. एक जण मागे पडद्याला चिकटून नुसते ओठ हलवायचा, त्याला बाजूला घेतलं तर म्हणाला मला वर जाताच येत नाही. अरे मग कशाला जातोस, खाली ये ना, म्हटलं एक सप्तक खालून म्हण. पेटी नव्हती, पियानोवर त्याचा सा शोधला, चौथ्या-पाचव्या प्रयत्नात तो नीट बसला, आणि मग काय आवाज लागला त्याचा, घुमला नुसता, तोच हरखून माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी ज्यांचे आवाज फुटलेले होते त्या सगळ्यांना त्याच्याभोवती उभं केलं आणि गाण्याला आपोआप बूड आलं.

निकाल? शेवटून दुसरे. परीक्षक म्हणाले की बेस सेक्शन अनपेक्षितपणे भक्कम आहे, आणि तेवढ्यावर आमच्या पोरांनी जिंकल्यासारखा दंगा केला. माजी विद्यार्थ्यांना दरवर्षी बोलावतात, रजा मिळाली की मी जाते, मागे कुठेतरी बसते. आमचं हाउस अजून जिंकलेलं नाही, पण खालचा सूर आजही तिकडचा सगळ्यात दणदणीत आमचाच असतो, आणि हे मी पक्षपात करून सांगतेय हे मान्य.