डेव्हिल्स लेक: तळ्याकाठी दोन रात्री

शिकागोहून साधारण तीन-साडेतीन तासांवर, मॅडिसनहून तासाभरावर, विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावाला लागून डेव्हिल्स लेक स्टेट पार्क आहे. १९११ पासूनचं हे उद्यान. मधे ३६० एकरांचं तळं आणि पूर्व-पश्चिम-दक्षिणेला सुमारे ५०० फूट उंचीचे गुलाबी-जांभळट क्वार्टझाइट या कठीण खडकाचे कडे. खडक दीडअब्ज वर्षांहून जुना, तळं मात्र कालपरवाचं म्हणावं असं. इथली जुनी नदीची खिंड हिमनदीने दोन्ही टोकांना दगडमातीचा बांध घालून बंद केली आणि मधे पाणी साचलं. इथल्या मूळ रहिवासी हो-चंक लोकांसाठी हे पवित्र तळं आहे. त्यांच्या भाषेतल्या तळ्याच्या मूळ नावाचा अर्थही तोच.

तंबूच्या जागा अकरा महिने आधी ऑनलाइन राखता येतात, आणि जून ते ऑक्टोबरमधले शनिवार-रविवार तेव्हाच संपतात. ते हुकलं तर निघायच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा बघत राहा, रद्द झालेल्या जागा परत दिसू लागतात. रविवार ते गुरुवारच्या रात्री बऱ्याच सोप्या. नवखी मंडळी हमखास चुकतात ती एका गोष्टीत: कॅम्पिंगचे पैसे भरले म्हणजे प्रवेश झाला असं नाही. गाडीचा स्टिकर वेगळा घ्यावा लागतो आणि इलिनॉयसारख्या बाहेरच्या नंबरप्लेटला तो महाग पडतो.

कॅम्पग्राउंड तीन. क्वार्टझाइट नावाचं तळ्याच्या उत्तर टोकाजवळ, पण ते जुन्या गोल्फ मैदानावर वसलंय, त्यामुळे झाडं कमी आणि जुलैत तंबू सकाळी आठलाच तापतो. नॉर्दर्न लाइट्स त्यापेक्षा बरं. आइस एज सगळ्यात लांब, पण दाट झाडीत आणि शांत. लहान मुलं आणि वीज हवी असेल तर पहिली दोन, नुसता तंबू असेल तर डोळे मिटून आइस एज. तळ्याच्या पूर्व काठाने मालगाडीचा रूळ जातो. रात्री भोंगा ऐकू येतो, झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्यावेत.

तंबूच्या जागेवर बहुतेक ठिकाणी टणक खडी असते. तंबूसोबत येणाऱ्या बारीक अॅल्युमिनियमच्या खुंट्या दुसऱ्या ठोक्यालाच वाकतात. आठ-दहा जाड पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर एक बोटही दिसता कामा नये, चारी बाजूंनी आत दुमडा. बाहेर राहिली तर तंबूवरून ओघळलेलं पावसाचं पाणी तिच्यावर पडतं, आत शिरतं आणि पहाटे गादी ओली. सप्टेंबरअखेरीस रात्री ५ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतात. हवेची गादी थंडीत सैल पडते, कारण आतली हवा आकसते. ती फुटली असं समजून शोधाशोध करू नका, झोपण्यापूर्वी पुन्हा भरा.

गॅसचा हिशेब असा: एक पौंडाच्या प्रोपेन सिलिंडरवर १०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) एक बर्नर पूर्ण आचेवर सुमारे दोन तास चालतो. चौघांच्या दोन दिवसांना दोन सिलिंडर पुरतात, थंडी असेल तर तिसरा. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, हळद-हिंग-गोडा मसाला घरूनच एका पिशवीत एकत्र करून न्या, अर्धा तास भिजवा आणि मग कुकर चढवा. गॅस बराच वाचतो. पहिल्या रात्री पोहोचून तंबू ठोकेपर्यंत अंधार होतो, तेव्हा स्वयंपाकाचा आग्रह धरू नये. दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणलेली असली की झालं. रात्री ११ नंतर शांततेची वेळ असते, कुकरच्या शिट्ट्या त्याआधी आटोपा.

उरलेलं अन्न टेबलावर किंवा तंबूत ठेवायचं नाही. रकून कूलरचं झाकण सहज उघडतात. कूलर, कचरा, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करा. लाकूड घरून आणू नये. झाडं पोखरणारी कीड त्यातून पसरते, म्हणून उद्यानापासून १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. जवळच विकत मिळतं.

शनिवारी पार्किंगची मैदानं दहा-अकरापर्यंत भरून जातात, म्हणून कड्यांची चढाई सकाळी सातला सुरू करा आणि पोहणं दुपारसाठी ठेवा. दक्षिण किनाऱ्याकडून रूळ ओलांडून बॅलन्स्ड रॉक या तोलून उभ्या दगडाकडची वाट धरा. जेमतेम ०.४ मैल, पण सगळी उभ्या दगडी पायऱ्यांची. ही वाट चढायचीच, उतरायची नाही. उतरताना गुडघ्यांची वाट लागते, आणि दंवाने किंवा पावसाने ओला झालेला क्वार्टझाइट काचेसारखा सटकतो. वर पोहोचल्यावर आधी पूर्वेकडे डेव्हिल्स डोअरवे या दारासारख्या खडकापर्यंत जाऊन या, मग ईस्ट ब्लफच्या, म्हणजे पूर्वेकडच्या कड्याच्या, वाटेने उत्तरेला चाला. वाटेत थांबून खडकावर हात फिरवा: काही फळ्यांवर समुद्राच्या उथळ वाळूत उठलेल्या लाटांच्या रेघा तशाच दगड होऊन राहिल्या आहेत, बोटांना लागतात. उत्तरेला उतरून पश्चिम काठाच्या टंबल्ड रॉक्स वाटेने परत. एकूण चारेक मैल, मुलांसकट साडेतीन-चार तास, माणशी दोन लिटर पाणी. कड्यांना कठडे नाहीत, मुलांचा हात धरूनच चाला. रुळांवरून चालत जाण्याचा शॉर्टकट बेकायदा आहे.

पोहायला उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही किनारे आहेत, जीवरक्षक मात्र नाहीत. उन्हाळ्यात कधीकधी पोहल्यावर अंगाला खाज येऊन लाल पुरळ उठतं. गोगलगायी आणि पाणपक्षी यांच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या अळ्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. बाहेर आल्याबरोबर, अंग वाळायच्या आत, टॉवेलने खसाखसा पुसा. अंगावर पाणी वाळू दिलं की अळ्या शिरतात. मुलांना काठच्या कोमट, उथळ पाण्यात तासन्‌तास बसू देऊ नका. तळ्यात पेट्रोलवरच्या बोटींना बंदी असल्याने कयाक चालवायला पाणी निवांत मिळतं. कयाक, कनू हंगामात तिथेच भाड्याने मिळतात. मासेमारीला १६ वर्षांपुढे परवाना लागतो.

संध्याकाळी मोजे, गुडघ्यामागचा भाग आणि केस तपासून गोचीड काढा. इथल्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो. तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नये, ती खाज आणणारी पॉयझन आयव्ही असू शकते.

दक्षिण किनाऱ्याजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा प्राचीन उंचवटा आहे. नुसता गवताचा ढिगारा वाटतो, म्हणून मुलं त्यावर धावतात. तो इथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी घडवलेला आहे, कडेनेच फिरा. रविवारी निघताना शेकोटीत पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागत असेल तर अजून एक बादली.