शिंगरोबाचा घाट आणि दिल्लीचा लाकडी ट्रॅक

मी मुळात रोडवरचा सायकल रायडर. आमच्या सांगलीकडची पोरं बहुतेक तशीच, पहाटे उठून हायवेवर शंभर-शंभर किमी मारायचे आणि वर्षभर डोक्यात एकच, मुंबई-पुणे रेस आणि बोरघाट. खोपोली सोडली की चढ लागतो, शिंगरोबाच्या देवळापर्यंत स्प्रिंटवाले एकेक करून गळायला लागतात आणि मला नेमकं तिथेच बरं वाटायला लागायचं. स्प्रिंट मला कधी जमलाच नाही, पण एका लयीत पाय जाळत राहणं जमायचं.

स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली तसं सर, म्हणजे आमचे कोच, म्हणाले आता ट्रॅक सायकलिंगपण कर. पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर फिक्स गियरच्या सायकलवर बसलो. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पहिल्याच आठवड्यात रोडच्या सवयीने पाय थांबवले आणि सायकलने खालून लाथ घातल्यासारखं उचलून फेकलं, मांडीचं सालटं निघालं.

तर तो दिवस दिल्लीचा, इंदिरा गांधी स्टेडियममधला. 2010 च्या कॉमनवेल्थसाठी बांधलेला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणावर बँकिंग, म्हणजे ट्रॅकचा तिरका उतार, इतकं उभं की पहिल्यांदा बघितल्यावर भिंतच वाटते, आणि स्पीड कमी पडला तर खरंच घसरून खाली येतो माणूस. लाकडावर पडलं की अंगात कुसळं घुसतात, सालटं निघण्यापेक्षा ते वाईट.

माझी पॉइंट्स रेस होती, 120 फेऱ्या, म्हणजे 30 किमी. दर दहा फेऱ्यांनी घंटा वाजते आणि पुढच्या फेरीला स्प्रिंट, पहिल्या चौघांना 5, 3, 2, 1 पॉइंट. पहिल्या पाच स्प्रिंटमध्ये मला शून्य. दरवेळी कोणीतरी शेवटच्या वळणावर वरून सपकन खाली यायचं आणि मी तिथेच. पण या रेसमध्ये अजून एक गोष्ट असते, अख्ख्या बंचला, म्हणजे रायडर्सच्या घोळक्याला, एक फेरी मागे टाकून परत त्यांच्या शेपटाला जाऊन लागलात तर एकदम 20 पॉइंट. चार स्प्रिंट जिंकल्याइतके!

पाचवा स्प्रिंट संपला, सगळे धापा टाकत सैल पडले आणि सर कडेवरून ओरडले, "अरे आता! घाट समज, बसून मार!" मी बँकिंगवर चढलो आणि तिथून उतार धरून सुटलो. पहिल्या तीन-चार फेऱ्या काही वाटलं नाही. मग अर्ध्या फेरीचं अंतर पडलं, तेव्हा बंच बरोबर समोरच्या बाजूला असतो, आपण त्यांच्या पुढे आहोत की मागे तेच कळत नाही, वारा फोडायला कोणी नाही, 50 च्या आसपास स्पीड आणि एका फेरीला 18 सेकंद. साठाव्या फेरीचा स्प्रिंट मी एकट्यानेच घेतला, 5 पॉइंट, माझे पहिले. त्यानंतर समोर शेपूट दिसायला लागलं आणि जवळच येईना. मी डोळ्यासमोर खोपोलीचा चढ आणला, खरं सांगतो, श्वास मोजत होतो, शिंगरोबापर्यंत, फक्त शिंगरोबापर्यंत. सुटल्यापासून तेराव्या फेरीला शेवटच्या रायडरच्या चाकाला लागलो. सरांनी दोन्ही हात वर केलेले, तेवढंच दिसलं.

पुढच्या सगळ्या फेऱ्या बंचमध्ये लटकून काढल्या. शेवटच्या स्प्रिंटला डबल पॉइंट असतात, त्यात कसाबसा चौथा आलो, 2 मिळाले. एकूण 27.

रेस संपली तरी लगेच थांबता येत नाही, ब्रेकच नाही ना, स्पीड उतरेपर्यंत पाय फिरवत राहायचं. बोर्डवर नावं लागत होती आणि मी फिरत होतो, एकदा समोरून गेलो तेव्हा नीट वाचता आलं नाही, पुढच्या फेरीला दिसलं, दुसरा नंबर. तिसऱ्या फेरीला सरांनी पळत येऊन मागून सीट पकडली, कारण बूट पेडलला अडकवणाऱ्या क्लीटमधून पाय काढायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती.