अटक नाही, फक्त बसवून ठेवलंय

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. पहाटे पावणेसहाला फोन वाजला, नंबर आमच्या अंगणवाडीच्या ताईंचा पण आवाज त्यांच्या बारावीतल्या लेकीचा. "मावशी, मम्मीला पोलिसांनी नेलं. आत्ताच. मम्मीने स्वेटर पण नाही घातलं." स्वेटरचं ती तीनदा बोलली. मी म्हटलं, लेडीज पोलीस होत्या का, तर म्हणे एक होती, ती गाडीतच बसून होती. आणि किती वाजले होते? "साडेपाच मावशी, मी खिडकीतून गाडीचा फोटो काढलाय." शाबास म्हटलं, तो फोटो डिलीट करू नको, कोणाला फॉरवर्ड पण करू नको, तसाच ठेव.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चौदा वर्षं वकिली करते. वाटण्या, पोटगी, चेक बाऊन्स, हेच रोजचं. सेविकांच्या युनियनचे कागद मी बघते, त्याचे पैसे घेत नाही, माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. त्या दिवशी गावात एका मंत्र्यांचा दौरा होता, नव्या इमारतीचं उद्घाटन, साडेअकराला हेलिकॉप्टर उतरणार. ताई आणि अजून तीन सेविका त्यांना निवेदन देणार होत्या. ते निवेदन मीच टाईप केलेलं, एक पान. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या सेविकांच्या केसमध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, मग आमच्याकडच्या रिटायर झालेल्या बायांना ती कधी देणार, एवढाच प्रश्न. या बाया ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांच्या वर संपावर बसल्या होत्या, त्याआधी मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्मा, म्हणजे संपाला मनाई करणारा अत्यावश्यक सेवा कायदा, लावला होता आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली, त्यामुळे घाबरणाऱ्यातल्या त्या नव्हेत. पण त्या दिवशी तर आंदोलनही नव्हतं, फक्त निवेदन.

आदल्या रात्री साडेनऊला ताईंच्या घरी नोटीस आलेली. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, नाव तेवढं पेनाने भरलेलं. वरती लिहिलेलं, फौजदारी प्रक्रिया संहिता कलम १४९ प्रमाणे नोटीस. आत नेहमीचीच भाषा, आपण मंत्रीमहोदयांच्या दौऱ्यात काळे झेंडे दाखवणार असल्याची गोपनीय माहिती मिळाली आहे, आपल्याकडून दखलपात्र गुन्हा घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल व सदरची नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. आता ती संहिता १ जुलै २०२४ पासून राहिलीच नाही, तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, नोटिशीच्या १४९ चं १६८ झालं, गुन्हा होण्याआधीच अटक करायच्या १५१ चं १७०, जमावबंदीच्या १४४ चं १६३. सहा महिने झाले तरी जुनाच फॉर्म चालू. ताईंनी रात्री मला व्हॉट्सअॅपवर नोटिशीचा फोटो पाठवला होता आणि मी काय उत्तर दिलं होतं, "रूटीन आहे ताई, सही करा आणि झोपा." हे मला आजही लागतं. एवढ्या नोटिसा डोळ्याखालून गेल्या होत्या की ही पण त्यातलीच म्हणून सोडून दिली.

मुलीच्या घरी आधी गेले, स्कूटीवर, थंडी अशी की बोटं वळत नव्हती. स्वेटर घेतला. भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं, त्यावर दुधाचा हिशोब. मी त्यातला सूर्योदय बघितला, मुंबईची वेळ सव्वासातच्या आसपास दिलेली, आपल्याकडे दहा पंधरा मिनिटं आधी होतो म्हणून सात धरा. साडेपाचला काळोखच. कायदा सांगतो की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट करून आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. जुन्या संहितेत हे कलम ४६ मध्ये होतं, नव्यात ४३ मध्ये आहे, नियम तोच.

पोलीस स्टेशनला पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. ताई आत बाकड्यावर, पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून. मला बघून त्या पहिलं काय बोलल्या तर "पोरीला डबा करून दिला नाही हो." स्वेटर दिला. ठाणे अंमलदाराकडे गेले, माणूस ओळखीचा, रोज कोर्टात भेटणारा.

"दादा, ताईंना कशात आणलंय? १७० खाली अटक आहे का?"

"नाही नाही मॅडम, अटक नाही. फक्त बसवून ठेवलंय."

"अटक नाही तर मी घेऊन जाते त्यांना."

"तसं नाही नेता येणार मॅडम."

"का?"

"वरून फोन आहे. दौरा झाला की सोडतो ना, आम्ही काय त्रास देणार आहे का त्यांना, चहा दिलाय."

चहा खरंच दिला होता. तो माणूस वाईट नाही, त्याची स्वतःची बहीण आशा वर्कर आहे हे मला माहितेय. पण "बसवून ठेवणं" ही गोष्ट कुठल्या कायद्यात आहे ते मला कोणी दाखवावं. अटक केली तर कारण सांगावं लागतं, मेमो करावा लागतो, नातेवाइकाला कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत सोडा नाहीतर मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. अटक नाही केली तर माणूस उठून घरी जाऊ शकला पाहिजे. या दोन्हीच्या मधे एक बाकडं आहे आणि ताई त्या बाकड्यावर बसल्या होत्या.

त्या एकट्या नव्हत्या. शेतकरी संघटनेतले सत्तरीचे एक काका, विद्यार्थी संघटनेची दोन पोरं, आणि एक किराणा दुकानदार. या दुकानदाराचं मला सगळ्यात वाईट वाटलं. त्याने कितीतरी वर्षांपूर्वी कुठल्या तरी रास्ता रोकोत भाग घेतला होता, तेव्हापासून त्याचं नाव यादीत आहे, आणि कोणी मोठा माणूस गावात आला की त्याला उचलतात. त्याला त्या दिवशी कोण मंत्री येणार हेही माहीत नव्हतं. तो मला म्हणाला, "मॅडम, यादीतून नाव काढायला अर्ज कुठं करायचा असतो?" मला उत्तर देता आलं नाही, अजूनही नाही.

मी तिथेच बाकावर बसून हाताने अर्ज लिहिला. ताब्यात घेतल्याचं कारण लेखी द्या, वेळ लिहा, स्टेशन डायरीत नोंद दाखवा, कलम १७० वापरत असाल तर कोणता दखलपात्र गुन्हा होणार होता ते सांगा. कारण १७० वापरायला पोलिसाला खात्रीने माहीत असावं लागतं की हा माणूस दखलपात्र गुन्हा करणार आहे आणि उचलल्याशिवाय तो थांबवताच येणार नाही. निवेदन देणं हा गुन्हा नाही. अर्ज घेतला पण पोच द्यायला कोणी तयार नाही. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, साहेब बंदोबस्तावर आहेत. मग त्याच अर्जाचा फोटो काढून एसपी ऑफिसच्या मेलवर टाकला, ७ वाजून ५२ मिनिटांनी. त्या मेलला आजपर्यंत उत्तर नाही.

दहाच्या सुमारास साहेब दोन मिनिटं येऊन गेले. म्हणाले, मॅडम, जिल्ह्यात ३७ लागू आहे, पाच माणसं जमली की तसाही गुन्हा. मी म्हटलं साहेब, चारच बाया होत्या. ते गप्प झाले आणि निघून गेले.

हे ३७ म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम ३७. पोटकलम १ मध्ये शस्त्र काठ्या दगड बाळगायला मनाई, ३ मध्ये सभा मिरवणुकीला मनाई. त्यात स्पष्ट लिहिलंय की जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालणार नाही. पंधरा दिवस का, तर दंगल, तणाव, काहीतरी तातडीचं असेल तेवढ्यापुरतं. पण प्रत्यक्षात होतं काय, पंधरा दिवस संपत आले की नवा आदेश निघतो, त्यात आगामी सण, उत्सव, जयंत्या, विविध संघटनांची आंदोलनं अशी यादी, वरची तारीख तेवढी बदललेली, खाली अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही. मी ही कात्रणं एका फाईलला लावते, पेपरच्या आतल्या पानावर कोपऱ्यात येतात, कोणी वाचत नाही. फाईल जाड झालीय. आणि हे चूक आहे हे मी म्हणते असं नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेट बंदीच्या निकालात १४४ बद्दल लिहिलंय की असे आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि लोकांचं रास्त म्हणणं दाबायला ते वापरता येत नाहीत. जमावबंदीचा कायदाच नको असं माझं म्हणणं नाही. १९६१ मध्ये नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून आलेल्या बाबुलाल पराते केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १४४ वैध ठरवलं, पेटलेल्या गावात ते लागतंच. पण आमचं गाव पेटलेलं नव्हतं, आमच्या गावात इमारतीचं उद्घाटन होतं.

ताईंचा भाऊ तोपर्यंत आला होता, मला म्हणाला, मॅडम, हायकोर्टात जाऊ, काय लागंल ते पैसे देतो. मी त्याला वेळेचा हिशोब सांगितला. संभाजीनगरचं खंडपीठ इथून चार तास. याचिका टाईप करायची, सह्यांसाठी ताई आत, दाखल करायची, आजच्या आज ऐकून घ्या म्हणून विनंती करायची, तोपर्यंत संध्याकाळ, आणि संध्याकाळी सरकारी वकील उभे राहून सांगणार की त्यांना तर सोडलंय, याचिकेत आता काही उरलं नाही. तो बिचारा म्हणाला, "म्हणजे जिंकलो तरी निवेदन द्यायचं राहिलंच की." हेच आहे सगळं. जमायच्या हक्काला तारीख असते. जमिनीचा दावा वीस वर्षांनी जिंकला तरी जमीन जागेवर असते, पण मंत्री सोमवारी येणार असेल तर सोमवारीच उभं राहायचं असतं, मंगळवारी त्या हक्काचं काय करणार? खटला भरायची, शिक्षा करायची गरजच पडत नाही, तो एक दिवस काढून घेतला की झालं.

याच खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये माजलगावच्या लोकांना न्याय दिलाय, ते मी विसरत नाही. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध त्यांना शांतपणे बसायचं होतं, पोलिसांनी परवानगी नाकारली होती, ३७ च्याच आदेशावर बोट ठेवून. कोर्टाने आदेश रद्द केला आणि लिहिलं की एका कायद्याला विरोध करतात म्हणून या लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही. मी तो निकाल मराठीत करून युनियनच्या बैठकीत वाचून दाखवला होता. पण त्यांना बरेच दिवस बसायचं होतं, म्हणून निकाल आला तेव्हा हक्क शिल्लक होता. आमच्याकडे दोन तास होते.

साडेअकराला हेलिकॉप्टर स्टेशनवरूनच गेलं. खिडकीची तावदानं वाजली. विद्यार्थी पोरं उठून उभी राहिली, काका नाही उठले. ताईंच्या मांडीवर पिशवी होती, त्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ते एक पान, पहाटे गडबडीतही त्या ते घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलेलं पोलीस निवेदनच घ्यायला आलेत, आणि साहेबांकडून वर पोचवतील.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तोच आवाज परत आला, उलट्या दिशेने. वायरलेसवर काहीतरी खरखरलं, अंमलदाराने रजिस्टर मिटवलं आणि म्हणाला, "चला, झालं. जाऊ द्या सगळ्यांना." कोणाची सही घेतली नाही, हमीपत्र नाही, कागदाचा एक कपटा नाही. जवळजवळ दहा तास. तो दुकानदार दुकान उघडायचंय म्हणून पळतच गेला.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात विशेष जनसुरक्षा विधेयक, संघटना बेकायदा ठरवून कारवाई करू देणारं, मंजूर झालं तेव्हा कोर्टातले बरेच जण मला विचारत होते, आता काय होणार. त्यावर बोलायलाच पाहिजे, मीही बोलते. पण आमच्या तालुक्यात त्या बाकड्याला एवढा मोठा कायदा कधी लागलाच नव्हता.

मी माहिती अधिकारात त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची प्रत मागितली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, त्या दिवशी पोलीस स्टेशनमध्ये कोणासही ताब्यात घेण्यात आले नव्हते, सबब माहिती निरंक. "निरंक" हा शब्द ताईंनी मला दोनदा विचारला. मी अर्थ सांगितला, काहीच नाही. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या, आणि जानेवारीचं कालनिर्णयचं पान घेऊन आल्या, ते त्यांनी जपून ठेवलं होतं कारण दुधाचा हिशोब वर्षभर ठेवायची त्यांची सवय आहे. सगळ्या चौकटीत अर्धा लिटर, अर्धा लिटर. दूधवाला सहाला येतो. त्या तारखेला मुलीच्या अक्षरात लिहिलेलं, खाडा.

पहिल्या अपिलाला मी गाडीच्या फोटोबरोबर ते पानही जोडलंय, परिशिष्ट ब म्हणून.